मनकर्णाबाईच्या घागरीतलं औषध

मनकर्णाबाई हसली की तिचा पदर तोंडावर गेलाच म्हणून समजा. नवख्या माणसाला वाटावं, बाई भलतीच लाजाळू आहे. लाजाळू आणि मनकर्णा! अहो, ताडकळसच्या बाजारात तिची वांगीवाल्याशी हुज्जत सुरू झाली की आजूबाजूचे दुकानदार हातातलं गिऱ्हाईक सोडून ऐकत उभे राहायचे. पदर जायचा तो दातांपायी. वरचे पुढचे दात तिने ऐन तिशीत गमावले होते, आणि तेही कुणाशी भांडून नव्हे, ऊसतोडीच्या फडावर.

त्या काळी ती आणि तिचा नवरा आश्रुबा दिवाळी झाली की टोळीबरोबर निघायची, ती उन्हाळा लागल्यावरच परतायची. फडावर खायला काय, तर भाकरी आणि ठेचा, फार तर पातळ वरण. हिरवी भाजी, लिंबू, पेरू यांचं महिनोन् महिने दर्शन नाही. एका हंगामात तिच्या हिरड्या सुजल्या. चूळ भरली की लाल पाणी पडायचं, कुठे काही न लागता पायांवर निळे डाग उठायचे, आणि दात असे हलायला लागले की भाकरीसुद्धा कालवून गिळावी लागे. टोळीतल्या बाया म्हणाल्या, उष्णता झाली. मनकर्णाने मुकाट्याने दात गमावले आणि तोंडावर पदर घ्यायला शिकली. जन्मभर ऊस तोडला बाईने, पण कांडं दातांनी सोलून खाणं काही तिच्या नशिबात राहिलं नाही.

आता टोळीत तिचा मुलगा वाल्मीक आणि सून ज्ञानेश्वरी जातात. यंदा होळीच्या पुढेमागे दोघं परतली ती उसाची मोळी घेऊनच. ज्ञानेश्वरीने दारात बसून एक कांडं दातांनी सोलायला घेतलं, आणि मनकर्णाच्या नजरेला नेमकं ते पडलं. उसाचा पांढराशुभ्र गर, आणि त्यावर लाल ओरखडा. ज्ञानेश्वरीने कांडं चटकन शेळीपुढे टाकलं आणि म्हणाली, काही नाही, साल लागली जरा. पण मनकर्णा काही दूधखुळी नव्हती. तिने सुनेला उजेडात नेलं, तोंड उघडायला लावलं. त्याच सुजलेल्या हिरड्या! नडगीवर कोयत्याचा घाव होता, संक्रांतीच्या सुमाराला लागलेला, तोही अजून भरला नव्हता. पोरीचं वय ते काय! त्या दिवसापासून मनकर्णाच्या मनाने एकच धरलं. आपलं झालं ते झालं, या पोरीचे दात जाऊ द्यायचे नाहीत.

अशात देवाने धाडावी तशी अर्पिता आली. परभणीहून स्कूटीवर यायची, आहारावर संशोधन करायची, आणि ऊसतोडीवरून परतलेल्या बायांच्या हिरड्या, जखमा आणि रक्त तपासायची. ताडकळसच्या बाया आणि चुडाव्याच्या बाया, असे दोन गट तिने धरले होते. समाजमंदिरात सगळ्यांना बसवून तिने सांगितलं की या दुखण्यामागे बऱ्याचदा एकच गोष्ट असते, क जीवनसत्त्वाची कमतरता. मांस, कातडी, हिरड्या यांना धरून ठेवणारे धागे विणायला शरीराला ते लागतं. ते मिळालं नाही की विणकाम थांबतं. मग हिरडी रक्त सोडते, दात हलतात, जखम मिटत नाही. आणि गंमत म्हणजे, ती म्हणाली, शेळीचं शरीर हे जीवनसत्त्व स्वतःच बनवतं. माणसाला ते जमत नाही, त्याला खाऊनच मिळवावं लागतं.

झालं! मनकर्णाला एवढं पुरे होतं. शेळी बनवते आणि माणूस बनवत नाही! ही बातमी तिने त्या दिवशी गिरणीत सांगितली, हापशावर सांगितली, आश्रुबाला जेवताना सांगितली, आणि तो नुसताच हूं म्हणाला म्हणून पुन्हा सांगितली. दारातल्या शेळीकडे ती आता वेगळ्याच नजरेने बघू लागली. म्हणजे आपले दात उष्णतेने गेले नव्हते, नशिबाने गेले नव्हते, कुणाच्या नजरेने तर मुळीच नव्हते. एक चिमूटभर वस्तू ताटात नव्हती, म्हणून गेले. तिला राग यायचा आणि हसू पण यायचं, आणि त्या दोहोंत तिला रात्री नीट झोप लागेना.

अर्पिताला गावातली एक भरवशाची बाई हवी होती. गोळी म्हटलं की बाया बिचकतात, कसली गोळी, कशासाठी गोळी, शंभर शंका. म्हणून औषध पावडरीचं होतं. रोज सकाळी पाण्यात कालवायचं आणि बायांना एकेक पेला आपल्यासमोर पाजायचा. बाकी कुणी तोंड उघडायच्या आत मनकर्णाने जिम्मा घेऊन टाकला. अर्पिताने तिला पावडरीच्या पुड्या दिल्या, झाकणाची नवीकोरी स्टीलची बादली दिली आणि बजावलं की याच बादलीत, ऐन वेळेवर कालवायचं. मनकर्णाने मान हलवली. मान हलवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

आता ऐका पुढचं. ती बादली मनकर्णाने घरी आणली, धुतली, पुसली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधली आणि कोठीवर ठेवून दिली. सरकारी दिसणारी वस्तू, उद्या परत मागितली तर? पोचा पडला तर? दुसऱ्याची चीज जपून ठेवायची असते, वापरायची नसते. आणि खरं सांगायचं तर स्टीलची बादली तिच्या मनालाच येईना. ज्या औषधाने सुनेचे दात वाचणार, गावातल्या बायांचे घाव भरणार, ते काय अंघोळीच्या बादलीत कालवायचं? तिने माळ्यावरची तांब्याची घागर उतरवली. आईने लग्नात दिलेली, गावात कुणाच्या घरी नसेल अशी. चिंच आणि राख लावून तिने ती अशी घासली की आश्रुबा म्हणाला, आता यात बघून दाढी करतो.

आंबट वस्तू तांब्यात कळकते, हे मनकर्णाला ठाऊक नव्हतं असं समजू नका. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक ठेवलं की हिरवट होतं, जिभेला वंगाळ लागतं, पोटात ढवळतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं, आणि कल्हईवाला तर गावात फिरकायचा कधीच बंद झाला होता. पण ते झालं ताकाचं. ताक हे खाणं. हे होतं औषध, परभणीहून आलेलं, आणि मनकर्णाच्या लेखी त्याची जागा तीर्थाच्या पंगतीत होती. तीर्थ कशातून देतात? तांब्यातूनच ना? शिवाय तांब्यातलं पाणी आरोग्याला चांगलं, हे आजकाल मोबाईल पण सांगतो. पावडर घागरभर पाण्यात जायची, तेव्हा तिचा आंबटपणा जिभेला जेमतेम कळायचा.

बाया पहाटेच हळद काढायला जायच्या, त्यांना थांबायला फुरसत नसायची. म्हणून मनकर्णा संध्याकाळीच औषध कालवून ठेवायची. सकाळी बाया यायच्या, पेला दोन्ही हातांनी घ्यायच्या, गटागट प्यायच्या आणि ओला हात डोक्यावरून फिरवायच्या. एकही बाई चुकली नाही. एखादी चुकली तर मनकर्णा पेला घेऊन थेट हळदीच्या वावरात हजर! ज्ञानेश्वरीला तर ती पेला तळापर्यंत संपवल्याशिवाय उठू देत नसे. अर्पिताने लिंबू खा, पेरू खा, असंही सांगितलं होतं, पण आंबटाने हिरड्या झोंबायच्या. पेरू चावायला दुखायचं. औषध चालू आहे ना, मग कशाला, असं म्हणून ज्ञानेश्वरी ते टाळायची.

दिवस गेले. ज्ञानेश्वरीच्या हिरड्या तशाच. घाव तसाच. मनकर्णा रोज सकाळी सुनेचं तोंड उघडून बघायची आणि रोज स्वतःची समजूत घालायची की फरक पडतोय, थोडा थोडा पडतोय. मग एका सकाळी ज्ञानेश्वरीने चूळ भरली, आणि तिचा खालचा एक दात बोटाने हलला. त्या दिवशी मनकर्णाने गिरणीत कुणाला शेळीची गोष्ट सांगितली नाही.

त्याच आठवड्यात अर्पिता आली ती पडलेल्या चेहऱ्याने. मधल्या तपासणीचं रक्त बघून झालं होतं. चुडाव्याच्या बायांच्या रक्तात जीवनसत्त्व छान वाढलं होतं, हिरड्या सुधारत होत्या. ताडकळसच्या बायांचं जिथल्या तिथे. तिचे साहेब, शिवप्रसाद सर, म्हणाले होते की इथल्या बाया औषध पीतच नाहीत, उगाच हो म्हणतात, हे गाव अभ्यासातून काढून टाका. अर्पिताने हे शक्य तेवढं मऊ करून सांगितलं. पण असली गोष्ट मऊ करून कितीशी होणार? मनकर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. बाया माझ्या डोळ्यांदेखत पितात, तुमचं रक्तच खोटं असेल, तुमचं यंत्र खोटं असेल, असं ती बोलत सुटली, आणि बोलता बोलता एकाएकी थांबली. कारण तिच्या ध्यानात आलं, औषध खरं आहे आणि बायाही पितात, तर मग ज्ञानेश्वरीचा दात का हलतोय?

अर्पिताने सॅकमधून एक बाटली काढली. जखमेला लावतात तेच टिंचर, शाळेतल्या पोरांना प्रयोग दाखवायला तिने आणलेलं. ज्ञानेश्वरीकडून तिने भाताची पेज मागितली, पाण्यात पातळ केली, टिंचरचा थेंब सोडला. वाटी काळीनिळी झाली. आता यात क जीवनसत्त्वाचं पाणी टाकलं की निळं नाहीसं होतं, ती म्हणाली, आणि घागरीतलं सकाळचं उरलेलं औषध वाटीत थेंब थेंब सोडू लागली. निळं जसंच्या तसं. आणखी सोडलं. जसंच्या तसं. अर्पिताने वर पाहिलं, आणि त्या बघण्याचा अर्थ मनकर्णाला बरोब्बर कळला. पाण्यात पावडर टाकलेलीच नाही, असं म्हणत होती ती नजर.

"मी खोटं बोलायले असं वाटायलंय ना तुमाला?" मनकर्णा म्हणाली. "मग आता हितून हलायचं न्हाई. मी कालवते, तुमी बघा."

तिने घागर अर्पितासमोर घासली, विसळली, अर्पिताच्या हातांनीच पुड्या फोडून घेतल्या, पाणी ओतलं, ढवळलं. आणि पाहुणी दारात आली आहे, भांडण असलं म्हणून काय झालं, तिला प्यायला दिलं पाहिजे, म्हणून पहिला पेला स्टीलचा भरून अर्पितापुढे ठेवला. अर्पिताने तो घेतला, पण प्यायली नाही. वाटीने झाकून उंबऱ्याशी ठेवून दिला. मनकर्णाला ते लागलं. मग घागरीतलं पाणी निळ्या वाटीत पडलं, आणि निळं कुठल्या कुठे गेलं! वाटी पाण्यासारखी नितळ. ज्ञानेश्वरीने टाळीच वाजवली. अर्पिता वाटीकडे बघतच राहिली. म्हणजे बाई खरी होती, पावडर खरी होती. मग रक्तात का दिसेना?

ती उठलीच नाही. घागरीच्या एका बाजूला अर्पिता, दुसऱ्या बाजूला मनकर्णा, जणू घागर कुणी पळवणार आहे. बाहेर चैत्राचं ऊन तापलेलं, पत्र्याखाली घागर कोमट झालेली. दुपारच्या भाकरी दोघींनी तिथेच खाल्ल्या. जेवण झाल्यावर अर्पिताने पुन्हा वाटी मांडली. या वेळी निळं गेलं, पण चटकन गेलं नाही, कितीतरी जास्त पाणी घालावं लागलं. अर्पिताचे डोळे बारीक झाले. पुन्हा जरा वेळाने. आणखी जास्त. ती आता बसल्या जागी चुळबुळ करू लागली, मनकर्णाचाही श्वास वर वर होऊ लागला. शेजारच्या बाया जमल्या, आश्रुबा चहा घेऊन आला तो तसाच कप हातात धरून उभा राहिला. ऊन कललं, तेव्हा अर्पिताने शेवटची वाटी मांडली. एक थेंब, दहा थेंब, अर्धा पेला. निळं ते निळंच!

"आपल्या डोळ्यांसमोर गेलं," अर्पिता पुटपुटली. "कुणी हात लावला नाही, आणि गेलं." मग तिची नजर उंबऱ्याकडे वळली. तिथे सकाळचा तो स्टीलचा पेला होता, झाकलेला, न प्यायलेला. त्याच घागरीतला, त्याच वेळचा. तिने धावत जाऊन तो आणला आणि त्यातलं थोडंसं पाणी वाटीत सोडलं. निळं गेलं!

मनकर्णाने एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा घागरीकडे. मग तिने घागरीत हात घालून पाणी जिभेला लावलं, आणि कपाळावर हात मारला.

"कळकलं गं माय," ती म्हणाली. "ताक कळकतं तसं औषध कळकलं."

अर्पिताला तो शब्द ठाऊक नव्हता. तो कळला मात्र आणि तिला एकदम काहीतरी आठवलं. फार जुन्या काळी समुद्रावरच्या खलाशांचे दात असेच पडायचे. लिंबाच्या रसाने ते बरे व्हायचे, पण पुढे तांब्याच्या भांड्यांतून आणि नळ्यांतून काढलेल्या रसाची ताकद गेलेली असायची, हे तिने वाचलं होतं. वाचलं होतं आणि परीक्षा देऊन विसरली होती. तांबं या जीवनसत्त्वाचं वाटोळं करतं, त्यात उन्हाळ्याची कोमट हवा, त्यात रात्रभर पडून राहणं! ती बोलत होती, हात हलवत होती, मध्येच मनकर्णाला मिठी मारत होती, आणि मनकर्णा एकीकडे रडत होती आणि एकीकडे विचारत होती की मग औषध वाया गेलं न्हाई ना, औषध खरं हाय ना? खरं आहे मावशी, अर्पिता म्हणाली, शंभर टक्के खरं आहे. मनकर्णाला एवढंच ऐकायचं होतं. औषध हरलं नव्हतं, म्हणजे सुनेचे दात हरले नव्हते.

अर्पिताने तिथूनच सरांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईलसा मोठा केला. सर आधी ऐकेनात, मग ऐकू लागले, मग त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. शेवटी म्हणाले की गाव काढायचं नाही, नव्याने सुरू करा. ज्या बायांच्या हिरड्यांतून रक्त येतंय त्यांना दवाखान्यात दाखवून लगेच वेगळ्या गोळ्याही द्या, आणि भांड्याची ही हकिकत अहवालात घालायची. तेवढ्यात मनकर्णाने फोन जवळ ओढला.

"साहेब, एक लिहा," ती म्हणाली. "बाया पेत व्हत्या म्हणून लिहा. हमेशा पेत व्हत्या. खोट घागरीत व्हती, बायांत न्हाई."

सर म्हणाले, अगदी असंच लिहितो. त्यांनी ते लिहिलं की नाही ते अहवाल छापून आल्यावर कळेल. नाही लिहिलं तर मनकर्णा परभणीची गाडी धरून विचारायला जाईल, यात मला तरी बिलकुल शंका नाही.

कोठीवरची बादली खाली उतरली. घागर पुन्हा माळ्यावर गेली, पण पालथी घालण्याआधी मनकर्णाने ती एकदा पुसली. राग भांड्यावर कशाला काढायचा? औषध आता पहाटे, बाया दारात आल्यावरच कालवलं जायचं, आणि घाई आहे म्हणणाऱ्या बाईला मनकर्णा अशी काही बोलायची की तिची घाई जागच्या जागी जिरायची. ज्ञानेश्वरीला दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. लिंबू तिला पाण्यात पिळून मिळू लागलं. पहिल्यांदा घावाच्या कडा गुलाबी झाल्या. मग एका सकाळी चुळीचं पाणी पांढरं पडलं. मनकर्णाने ते बघितलं आणि आश्रुबाला हलवून उठवलं, तो बिचारा काय झालं काय झालं करत धोतर सावरत बाहेर आला.

आणि मग परवाची गोष्ट. तालुक्याहून येताना वाल्मीकने रसवंतीवाल्याकडून उसाची दोन कांडी आणली. ज्ञानेश्वरी दारात बसली, तिने एक कांडं तोंडाशी नेलं आणि थांबली. मनकर्णा भाकरी थापत होती, तिचे हात पिठातच थांबले. ज्ञानेश्वरीने दात रोवले, कर्रकन साल ओढली, घास चावला, आणि कांडं सासूसमोर धरलं. गर पांढराशुभ्र होता. कुठे लाल रेघ नाही.

मनकर्णाने ते कांडं हातात घेऊन उलटंपालटं करून नीट पाहिलं. मग तिने विळीवर त्याचा एक बारीक तुकडा कापला, मागच्या दाढेखाली ठेवला, आणि रस गिळता गिळता मोठ्याने हसली. पदर खांद्यावर होता, तो तिथेच राहिला.